परदेशी शिक्षण आणि परतीची वाट

(हरसूल येथे विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२४ फेब्रुवारी १८८३ चा दिवस. स्थळ बंगालमधील श्रीरामपूर, तेथील महाविद्यालयाचे सभागृह. व्यासपीठावर नऊवारी लुगडे नेसलेली एक मराठी मुलगी उभी आहे. वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हायला अजून महिन्याभराचा अवकाश आहे. समोर बंगाली भद्रलोक आहेत, युरोपीय मंडळी आहेत. एका हिंदू कुलस्त्रीने भरसभेत उभे राहून बोलावे, तेही इंग्रजीतून, हेच त्या काळी नवल होते. आणि ती जे सांगत होती ते तर त्याहून नवल होते. ती वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेला निघाली होती, आणि एकटी निघाली होती.

या मुलीचे नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी. त्या सभेत तिने स्वतःच सहा प्रश्न मांडले आणि त्यांची उत्तरे दिली. हे प्रश्न तिने कल्पनेतून काढलेले नव्हते. टपालखात्यात नोकरी करणाऱ्या पतीबरोबर गावोगाव फिरताना लोकांनी तिला वाटेत, दारात, बाजारात जे विचारले होते, तेच तिने क्रमाने लावले. अमेरिकेला कशासाठी जायचे? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? तिकडे काही संकट ओढवले तर? आणि आजवर कोणत्याही बाईने जे केले नाही ते तू का करावेस?

आज या गोष्टीला एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरापलीकडच्या या हरसूल परिसरात एखादी कोकणा, वारली अथवा महादेव कोळी समाजाची मुलगी पदवीपर्यंत पोहोचते आणि पुढे परदेशी जाऊन शिकण्याची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा तिच्या अंगणात कोणते प्रश्न उठतात? शब्द थोडे निराळे असतील. पण प्रश्न तेच सहा. इतक्या लांब कशाला? नाशिकला, पुण्याला काय कमी आहे? एकटी कशी राहील? परत येईल ती आपली राहील का? आजारी पडली तर कोण पाहील? आपल्या पाड्यावरून आजवर कोणी गेले आहे का?

हे प्रश्न अडाणीपणाचे आहेत असे मानून हसण्यावारी नेणे योग्य नाही. ते काळजीचे प्रश्न आहेत. ज्या कुटुंबाची नागलीची नि वरईची शेती डोंगरउतारावर आहे, दिवाळी झाली की ज्यांना द्राक्षबागांत किंवा बांधकामांवर मजुरीसाठी घर सोडावे लागते, त्या कुटुंबाला एक शिकलेले लेकरू गमावणे परवडत नाही. म्हणूनच या प्रश्नांना आनंदीबाईंनी दिली तशी सरळ, मुद्देसूद उत्तरे दिली पाहिजेत.

आनंदीबाईंचे पहिले उत्तर होते गरजेचे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रियांनी दुखणे बोलू नये अशी रीत आणि स्त्री डॉक्टर तर औषधालाही नाही, अशा कोंडीत किती बायका आणि बाळे जात होती हे त्यांनी स्वतःच्या घरी पाहिले. म्हणून हिंदू स्त्री डॉक्टरांची देशाला गरज आहे, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी तेव्हाची वस्तुस्थिती मांडली: मद्रासेत स्त्रियांना वैद्यकीय महाविद्यालयाची दारे खुली होती, इतरत्र बहुतेक सुइणीच्या शिक्षणापलीकडे सोय नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर घरच्या परिस्थितीचे होते: गोपाळरावांवर वृद्ध आई आणि धाकट्या भावंडांचा भार होता आणि दोघांच्या प्रवासाइतका पैसा नव्हता. बहिष्काराच्या प्रश्नावर त्यांचे म्हणणे असे की, आपला आहार, पोशाख आणि आचार जसा इथे आहे तसाच तिकडे राहणार आहे. मग बहिष्कार कशासाठी? संकट काय, ते घरातही येते. आणि शेवटच्या प्रश्नाला त्यांनी आपल्याच पुराणांतील त्यागाचे दाखले दिले. समाजासाठी एकाने पुढे होणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, हे त्यांना सांगायचे होते.

या उत्तरांच्या मागे एक कसोटी दडलेली आहे, ती पालकांनी ध्यानात घ्यावी. आनंदीबाईंना वाटेतच एक सोपा मार्ग देऊ केला गेला होता. १८७८ मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा व्यक्त झाली. जोशी दांपत्याने ती मान्य केली नाही. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला, आणि न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो १८८० मध्ये एका दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत बसल्या असताना वाचला. त्यांनी आपण होऊन पत्र पाठवले, घराचे दार उघडले आणि त्याबदल्यात धर्म मागितला नाही. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. कार्पेंटरबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. आनंदीबाई हिंदूच राहिल्या. आणि दोघींच्या जिव्हाळ्याला त्यामुळे बाध आला नाही. मदत कोणाची घ्यावी आणि कोणत्या अटीवर घेऊ नये, हा विवेक अठरा वर्षांच्या त्या मुलीपाशी होता. आज शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने तो शिकण्यासारखा आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. सुमारे दोन महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर ४ जूनला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासखर्चाची तोंडमिळवणी केली होती. श्रीरामपूरच्या भाषणानंतर उभारलेल्या निधीत व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही भर घातली होती.

आता त्यांच्या महाविद्यालयाविषयी. परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऑक्सफर्ड, केंब्रिज, हार्वर्ड अशी मोठी नावे येतात. आनंदीबाईंनी ज्या संस्थेकडे अर्ज केला ती फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया स्त्री वैद्यकीय महाविद्यालय ही त्या मानाने लहान संस्था होती. १८५० मध्ये ती केवळ स्त्रियांना वैद्यकी शिकवण्यासाठी स्थापन झाली. तिच्या प्रमुख रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. आनंदीबाईंचा २८ जून १८८३ चा अर्ज आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेला आहे. तो वाचणाऱ्याला जाणवते ते त्यातील प्रांजळपण. आपले शिक्षण प्रवेशाच्या नियमांत तंतोतंत बसत नसेल, हे त्यांनी लपवले नाही. काय येते, काय वाचले आहे, हे मोजक्या शब्दांत सांगितले. मग आपण किती दूरून, किती विरोध सोसून आणि कोणत्या कामासाठी आलो आहोत हे मांडले. पुरुष वैद्यापुढे जाण्यापेक्षा दुखणे सोसणाऱ्या आपल्या देशभगिनींची स्थिती सांगितली. संस्थेने प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

आज परदेशी महाविद्यालयाकडे अर्ज करताना गुणपत्रिका लागतात, शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण लागतात, पारपत्र लागते, आणि प्रवेश मिळाल्यावर शुल्काची व राहण्याची तजवीज दाखवून व्हिसा घ्यावा लागतो. पण या कागदांच्या चळतीत एक कागद असा असतो जो कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. आपण कोण, काय शिकू इच्छितो आणि कशासाठी, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे पत्र. अनेक मुले हे पत्र पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतात, आणि त्यात आपले गाव, आपली गरिबी, आपली भाषा लपवतात. वस्तुतः तेच त्यांचे भांडवल असते. चार महिने धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन डोंगर उतरावा लागतो, हे ज्याने अनुभवले आहे, त्याने जलव्यवस्थापन का शिकायचे हे दुसऱ्या कोणी लिहून देण्याची आवश्यकता नाही. आनंदीबाईंचा अर्ज हा या बाबतीतला वस्तुपाठ आहे: जे नाही ते नाही म्हणावे, जे आहे ते ठामपणे सांगावे आणि कशासाठी शिकायचे ते कधीही विसरू नये.

लहान महाविद्यालयाचा लाभ कोणता? तेथे विद्यार्थी हा केवळ हजेरीपटावरील आकडा राहत नाही. आनंदीबाई पुढे आजारी पडल्या, त्यांच्या जेवणाची आबाळ झाली, पैशाची ओढाताण झाली, तेव्हा प्रमुख बॉडलीबाईंना ते ठाऊक होते. त्या काळच्या एका छायाचित्रात, ऑक्टोबर १८८५ मधल्या, तीन विद्यार्थिनी आपापल्या देशीच्या पोशाखात बसलेल्या दिसतात: भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि तुर्की साम्राज्यातील सीरियाच्या सबत इस्लामबुली. ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लामबुली १८९० मध्ये तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. मोठमोठी विद्यापीठे स्त्रियांना दाराशी उभे करीत नव्हती, त्या काळात या लहानशा महाविद्यालयाने तीन देशांतल्या मुलींना सामावून घेतले, आणि तेही त्यांचा पोशाख न बदलता.

याच महाविद्यालयातील आणखी एका विद्यार्थिनीची कथा हरसूलकरांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. तिचे नाव सुझन ला फ्लेश. अमेरिकेतील ओमाहा या जनजातीची ही कन्या. तिचा जन्मही आनंदीबाईंच्याच वर्षीचा, १८६५ चा. आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्याच वर्षी सुझन त्या महाविद्यालयात दाखल झाली. लहानपणी तिने आपल्या जमातीतील एक बाई तडफडून मरताना पाहिली होती. गोऱ्या डॉक्टरला चार वेळा निरोप गेला, तो आला नाही. तो प्रसंग तिच्या मनातून गेला नाही. ओमाहा लोकांच्या वस्तीपासून फिलाडेल्फिया शेकडो मैल दूर. भाषा वेगळी, माणसे वेगळी. आपल्याच देशात ती परकी होती. अमेरिकेने आपल्या सर्व जनजातींना नागरिकत्व दिले ते पुढे १९२४ च्या कायद्याने.

सुझन १८८९ मध्ये आपल्या वर्गात पहिली आली. मोठ्या शहरात राहून नाव आणि पैसा मिळवण्याची वाट तिला मोकळी होती. ती परत गेली. साडेचारशे चौरस मैलांच्या मुलखात, बाराशेहून अधिक लोकांसाठी ती एकटी डॉक्टर होती. कधी घोड्यावरून, कधी गाडीतून, हिमवर्षावातही तिने रुग्णांची घरे गाठली. क्षयरोग कसा पसरतो, माश्या का आवरायच्या, एकाच पेल्याने सर्वांनी पाणी का पिऊ नये, हे तिने आपल्या लोकांना त्यांच्याच भाषेत समजावले. दारूविरुद्ध ती हयातभर झगडली. जमिनीच्या कागदांत आपली माणसे फसवली जात तेव्हा सरकारदरबारी त्यांची बाजू मांडण्यासाठीही तीच उभी राहिली. १९१३ मध्ये वॉल्टहिल गावी तिने लोकवर्गणी आणि देणग्यांतून रुग्णालय उभारले. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, ती निवर्तली. त्या देशाचा इतिहास वेगळा आणि आपला वेगळा. दोन्हींची सरमिसळ करण्याचे कारण नाही. पण दूर शिकायला गेलेले लेकरू आपले राहील का, या हरसूलच्या अंगणातील प्रश्नाला सुझनचे आयुष्य हे उत्तर आहे.

मात्र हे उत्तर आपोआप मिळत नाही. गेलेला प्रत्येक जण परततो असे नाही, आणि परतणाऱ्या प्रत्येकाला वाट सापडते असेही नाही. परतीची वाट दोन्ही टोकांकडून बांधावी लागते. इतिहास याची साक्ष देतो.

आपल्याच जिल्ह्यातील भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांच्या योजनेतील शिवाजी शिष्यवृत्ती त्यांना लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने मिळाली. या शिष्यवृत्तीची अट होती ती इंग्रज सरकारची नोकरी न पत्करण्याची. देशासाठी मागितलेली ही अट होती आणि ती विचारपूर्वक पत्करलेली होती. त्यांनी ग्रेज इनमध्ये नियमाप्रमाणे शिक्षण पूर्ण केले. परंतु त्यांच्या देशकार्यामुळे संस्थेने त्यांना बॅरिस्टर म्हणून प्रवेश नाकारला. १९१० मध्ये ते मायदेशी परतले ते बेड्यांत.

वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची कथा निराळी. त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात आणि नंतर वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयात शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले; मिळेल ते कष्टाचे काम करून पोट भरले. त्याच काळात ते गदर चळवळीच्या आघाडीवर होते. इंग्रज राज्यात त्यांना परतीचे दार बंद होते. मग ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले आणि गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. मेक्सिकोचे थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण तत्कालीन लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. देश स्वतंत्र झाल्यानंतरच खानखोजे यांना मायदेशी येता आले; १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. ज्या बुद्धीचा लाभ विदर्भाच्या आणि सह्याद्रीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला व्हावयाचा, तिचा उमेदीचा सारा काळ परक्या भूमीत खर्ची पडला. दोष त्यांचा नव्हता. दार परकीयांनी लावून घेतले होते.

आज ते दार परकीय लावत नाहीत. आज ते कधी कधी आपणच लावतो. शिकून आलेल्या मुलाला गावात काम नसते, मान नसतो, आणि घरात त्याला सांगितले जाते, 'इतके शिकून इथे काय करतोस?' हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घराने परतीची वाट स्वतःच्या हाताने उखडलेली असते.

आनंदीबाईंच्या बाबतीत निदान एका संस्थानाने ही चूक केली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परक्या देशात शिकताना त्यांनी विषय निवडला तो आपल्या परंपरेतील ज्ञानाचा. पदवीदान समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या. आणि आनंदीबाई अजून अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. म्हणजे त्या परतल्या तेव्हा त्यांच्यासाठी एक जागा, एक काम वाट पाहत होते. परदेशी गेलेल्या मुलाला समाजाने पाठवावयाचे पत्र ते हे. 'कधी येतोस' एवढेच विचारून भागत नाही. 'हे काम तुझ्यासाठी राखले आहे' असे सांगावे लागते.

येथवरची कथा अभिमानाची आहे. उरलेली सांगितल्याशिवाय मात्र ती खरी होणार नाही. नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेत. फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी, आपल्या आहाराची तेथे झालेली आबाळ, अभ्यासाचा ताण आणि क्षयाने पोखरलेले शरीर. कोल्हापूरचे पद त्यांना सांभाळता आलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथील दफनभूमीत त्यांचे स्मारक झाले.

ज्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य पणाला लावले, त्याचा उपयोग एकाही रुग्णाला करून देण्याआधी त्या गेल्या. हे सत्य गौरवाच्या शब्दांखाली झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचा निश्चय अलौकिक होता. पण त्यांच्या शरीराची काळजी वेळीच घेतली गेली नाही. गोपाळरावांनी त्यांना घडवले हे खरे, आणि अनेकदा कठोरपणे घडवले हेही खरे. आपल्या मुलामुलींना दूर पाठवणाऱ्या पालकांनी आनंदीबाईंच्या धैर्याइतकाच त्यांच्या मृत्यूचाही धडा घ्यावा. प्रकृतीची तपासणी, आरोग्यविमा, थंडीचे कपडे, आपले अन्न शिजवता येण्याची सवय आणि आजारपण घरी न लपवण्याची शपथ, या गोष्टी शुल्काइतक्याच महत्त्वाच्या आहेत. 'बरे आहे' असे फोनवर सांगणारी मुलगी खरोखर बरी आहे का, हे तिच्या आवाजावरून ओळखणारी आई हवी. आनंदीबाईंच्या काळी पत्राला आठवडे लागत. आज तो अडसर नाही.

आनंदीबाईंचे राहिलेले काम दुसरीने उचलले. डॉ. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्री वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये पात्र डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांची शुश्रूषा केली. आनंदीबाईंचे आयुष्य बावीस वर्षांचेही नव्हते. रखमाबाई नव्वदीपर्यंत जगल्या. एकीने वाट पाडली, दुसरी त्या वाटेने जाऊन परत आली आणि कामाला लागली. म्हणून पहिला पाय टाकणाऱ्याच्या अपयशाने पुढच्यांनी खचून जाऊ नये.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. जनजातीतील विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना आहे. पदव्युत्तर, आचार्य पदवी आणि त्यापुढील संशोधनासाठी वर्षाला २० विद्यार्थी निवडण्याची तीत तरतूद आहे; त्यांतील ३ जागा विशेष असुरक्षित जनजातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमाती त्यात मोडतात. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेश शिक्षणासाठी योजना आहे आणि त्या विभागाचे आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. सबंध देशासाठी २० ही संख्या लहान वाटेल. पण पात्र विद्यार्थ्याने अर्जच केला नाही, तर त्याच्यासाठी २० काय आणि २०० काय, सारखेच.

या योजनेचा रोख पदवीनंतरच्या शिक्षणावर आहे, हे नीट समजून घ्यावे. म्हणजे परदेशाची वाट याच मातीतून, जवळच्या महाविद्यालयातील पदवीतून जाते. येथील तीन वर्षे वाया घालवून कोणालाही एकदम सातासमुद्रापलीकडे झेप घेता येत नाही. जातीचा दाखला आणि त्याची वैधता, उत्पन्नाचा दाखला, पारपत्र, गुणपत्रिका या गोष्टींना वेळ लागतो. शेवटच्या वर्षाची वाट पाहत बसू नये. इंग्रजीची भीती काढून टाकावी. आनंदीबाई लग्नाच्या वेळी नऊ वर्षांच्या होत्या आणि मराठी लिहिण्यावाचण्याचीही त्यांची नुकती सुरुवात होती; त्यांनी नऊ वर्षांत परभाषेत सभा जिंकली.

मध्यस्थांपासून सावध राहावे. कुठल्याशा महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक दाखवून, घरावर किंवा दागिन्यांवर कर्ज काढायला लावणारे दलाल शहरोशहरी आहेत. महाविद्यालय लहान असणे हा दोष नाही, पण ते मान्यताप्राप्त आहे का, तेथील पदवी आपल्या देशात ग्राह्य धरली जाते का, शिकवणारे कोण आहेत, आधी शिकून गेलेले विद्यार्थी आज काय करतात, हे स्वतः पत्र लिहून विचारावे. चांगली संस्था उत्तर देते. लहान संस्था तर बहुधा आपुलकीने देते.

आणि शेवटी, आपलेपणाचा प्रश्न. मुलगी परत येईल ती आपली राहील का? आनंदीबाईंनी याचे उत्तर आचरणाने दिले. त्यांनी लुगडे सोडले नाही, आहार सोडला नाही, धर्म सोडला नाही. आणि तरीही त्या देशाकडून जे ज्ञान घ्यायचे ते पूर्ण घेतले. ज्याची मुळे खोल असतात त्याला वाऱ्याची भीती नसते. म्हणून पाठवण्याआधी मुळे खोल गेली आहेत ना, हे पाहणे हे घराचे काम आहे. जी मुलगी आपली कोकणी, वारली बोली न लाजता बोलते, बोहाड्याच्या सोंगांचा अर्थ जाणते, आजीपाशी बसून रानभाज्यांची नि जडीबुटींची नावे शिकली आहे, ती फिलाडेल्फियाला गेली काय आणि मेलबर्नला गेली काय, हरसूलचीच राहणार. आणि जिला आपल्या बोलीची लाज वाटायला शिकवले गेले, ती नाशिकपर्यंत जाऊनही परकी होईल.

श्रीरामपूरच्या सभेतले सहा प्रश्न आजही विचारले जातात आणि जावेत. त्यांची उत्तरे देण्याची जबाबदारी मात्र एकट्या मुलीची नाही. कशासाठी जायचे, हे तिने सांगावे. कसे जायचे, यासाठी शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी तिच्याबरोबर कार्यालयांचे उंबरे झिजवावेत. आणि कुठे परतायचे, याचे उत्तर गावाने द्यावे. कोल्हापूरचे पत्र अमेरिकेत पोहोचले होते. त्यावर काम लिहिले होते, पद लिहिले होते. हरसूलच्या पहिल्या मुलीला तसे पत्र कोण लिहिणार, हे आजच ठरवायला हवे. ती निघण्याआधी.